संगणकीय जुळणीतील भागांचा परस्परछेद : तपासणी आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

दोन घन पदार्थ एकाच वेळी एकच जागा व्यापू शकत नाहीत, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तथापि कागदावर आणि संगणकाच्या पडद्यावर ही अशक्य गोष्ट सहज घडते. कागदावरील रेषेला जाडी नसते आणि पडद्यावरील पोलादाला कठीणपणा नसतो. आरेखकाने एका नळीतून दुसरी नळी आरपार नेली, तरी तिला कोणी अडवत नाही. ही चूक उघड होते ती कार्यशाळेत. भाग तयार झालेले असतात, पैसा खर्च झालेला असतो आणि जुळणी करणारा कारागीर हातात कानस घेऊन उभा असतो.

संगणकपूर्व काळात यावर दोन उपाय होते. पारदर्शक ट्रेसिंग कागदावरील आरेखने एकावर एक ठेवून पाहणे हा पहिला. विमाने, जहाजे यांसारख्या मोठ्या रचनांची लाकडाची वा धातूची पूर्णाकृती प्रतिकृती उभारणे हा दुसरा. १९९० च्या दशकात अमेरिकेतील बोइंग कंपनीने ७७७ या विमानाची रचना करताना दुसऱ्या उपायाला जवळजवळ फाटा दिला. फ्रान्सच्या दासो सिस्टीम्स या कंपनीच्या कातिया या आज्ञावलीत संपूर्ण विमानाची त्रिमित जुळणी केली गेली आणि प्रत्यक्ष प्रतिकृती प्रामुख्याने नासिकाभागापुरती, संगणकीय पद्धतीची खात्री पटावी म्हणून बनवली गेली. या विमानाचे पहिले उड्डाण १२ जून १९९४ रोजी झाले. पहिल्या विमानाच्या जुळणीत आदर्श रेषेपासून आढळलेला फरक केवळ ०.०२३ इंच, म्हणजे सुमारे ०.६ मि.मी. होता, असे त्या वेळी सांगण्यात आले. संगणकीय जुळणीची प्रतिष्ठा वाढण्यास हे उदाहरण मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरले.

आज अशी तपासणी करण्याची सोय कातिया, सॉलिडवर्क्स, क्रिओ यांसारख्या सर्व प्रमुख प्रणालींत आहे. पुणे-चिंचवड परिसरातील आरेखन विभागांत नव्याने दाखल होणाऱ्या अभियंत्याच्या वाट्याला हे काम बहुधा लवकरच येते. एक कळ दाबली की यादी मिळते आणि यादी रिकामी आली की काम संपले, असा समज त्यातून रूढ होतो. तो समज तपासून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यंत्र जुळेल काय, हा आपला प्रश्न असतो. संगणक उत्तर देतो ते त्याहून पुष्कळच लहान प्रश्नाचे. या दोन प्रश्नांमधील अंतर भरून काढण्याचे काम यादी वाचणाऱ्या माणसाकडेच राहते.

परस्परछेद, स्पर्श आणि फट

जुळणीतील कोणत्याही दोन भागांचा परस्परसंबंध भूमितीच्या दृष्टीने तीन प्रकारचा असतो. दोन्ही भागांना सामाईक असे काही घनफळ असेल, तर तो परस्परछेद होय. आरेखन विभागात त्यालाच इंटरफिअरन्स किंवा क्लॅश म्हणतात. घनफळ सामाईक नाही, परंतु पृष्ठभाग एकमेकांस टेकले आहेत, तो स्पर्श. पृष्ठभागांमध्ये अंतर आहे, ती फट. बहुतेक प्रणालींत केवळ छेदच नव्हे, तर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असलेली फटही शोधून घेता येते. गरम होणाऱ्या नळीपासून विद्युततार किमान अमुक अंतरावर असावी, असा दंडक असल्यास ही दुसरी सोय अधिक उपयोगाची ठरते. नवशिक्यांकडून ती क्वचितच वापरली जाते, ही खेदाची बाब आहे.

स्पर्शाची अवस्था वरवर निरुपद्रवी दिसते. पण गोंधळाचे मूळ पुष्कळदा तिच्यातच असते. याचा विचार पुढे येईलच.

संगणक छेद कसा शोधतो ?

जुळणीत भागांची संख्या वाढली की जोड्यांची संख्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,००० भागांच्या जुळणीत ४,९९,५०० जोड्या संभवतात. बोइंग ७७७ मध्ये खिळे-बोल्ट धरून सुमारे ३० लाख भाग आहेत. प्रत्येक भाग प्रत्येक भागाशी ताडून पाहायचे ठरवले, तर साडेचार लाख कोटी जोड्या तपासाव्या लागतील. म्हणून संगणक प्रथम तपासणी टाळण्याचाच मार्ग शोधतो.

प्रत्येक भागाभोवती अक्षांना समांतर अशी एक काल्पनिक पेटी कल्पिली जाते. दोन पेट्याच एकमेकींना छेदत नसतील, तर आतील भाग छेदण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पेट्यांची टोके प्रत्येक अक्षावर क्रमाने मांडली की दूरदूरच्या जोड्या प्रत्यक्ष तुलना न करताच गळून पडतात. तिरपा ठेवलेला लांब दांडा मात्र या पद्धतीला चकवतो. त्याची पेटी प्रचंड मोठी होते आणि बहुतांश रिकामी असते. यासाठी भागाच्या कलाप्रमाणे फिरवलेली पेटी वापरतात. अशा दोन तिरप्या पेट्या वेगळ्या आहेत की नाहीत, हे ठरवण्यास १५ दिशा तपासणे पुरेसे असते : दोन्ही पेट्यांच्या प्रत्येकी ३ आणि त्यांच्या कडांच्या जोड्यांपासून मिळणाऱ्या ९. अशा पेट्यांची उतरंड रचून मोठ्या जुळण्या वेगाने तपासण्याची पद्धत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील गॉटशॉक, मिंग लिन आणि दिनेश मनोचा यांनी १९९६ मध्ये मांडली.

चाळणीतून उरलेल्या जोड्यांची तपासणी मात्र खरीखुरी करावी लागते आणि तिच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत भागाचे पृष्ठभाग अचूक गणिती स्वरूपात वापरले जातात. दंडगोल हा दंडगोलच राहतो. ही रीत विश्वसनीय, परंतु संथ आहे. दुसऱ्या रीतीत पृष्ठभागाचे लहान लहान त्रिकोणांत विभाजन करून त्रिकोणांची गाठ पडते का, एवढेच पाहिले जाते. मोठ्या जुळण्यांच्या हलक्या आवृत्त्या याच रीतीने तपासल्या जातात. ही रीत वेगवान आहे. पण वर्तुळाचे तिच्यात बहुभुज होतात.

याचा परिणाम आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. ५० मि.मी. व्यासाचे छिद्र ३६ बाजूंच्या बहुभुजाने दाखवले, तर प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू खऱ्या वर्तुळाच्या सुमारे ०.०९५ मि.मी. आत येतो. आत बसणाऱ्या दांड्याचे कोपरे मात्र खऱ्या वर्तुळावरच असतात. दांडा पाच अंशांनी फिरलेला असेल, तर त्याचे कोपरे छिद्राच्या बाजूंच्या मध्यावर येतात. दोहोंमध्ये त्रिज्येवर ०.०२ मि.मी. फट प्रत्यक्षात असूनही संगणक छेद दाखवतो. दांडा थोडा फिरवला की तोच छेद नाहीसा होतो. असा येणारा-जाणारा छेद यादीत दिसला, तर प्रथम त्रिकोण बारीक करून पाहावे. आरेखनाला हात लावण्याची घाई करू नये.

त्रिकोणांच्या रीतीत उलट दिशेचीही एक चूक संभवते. एक भाग दुसऱ्याच्या घनफळात पूर्णपणे बुडालेला असेल, तर दोघांचे पृष्ठभाग कोठेही भेटत नाहीत. केवळ पृष्ठभागांची गाठ पाहणारी प्रणाली अशा वेळी मौन पाळते. आंतर्भावाची वेगळी चाचणी तिच्यात अंतर्भूत असली तरच हा दोष पकडला जातो. याचाच एक जवळचा प्रकार म्हणजे एकच भाग नजरचुकीने एकाच जागी दोनदा बसवला जाणे. पडद्यावर तो एकच दिसतो. भागांच्या यादीत मात्र त्याची संख्या दुप्पट होते आणि खरेदी विभाग तेवढे नग मागवतो. हा दोष डोळ्यांनी सापडत नाही. अचूक रीतीची तपासणी तो तत्काळ दाखवते.

छेद असूनही बरोबर, छेद नसूनही चूक

यादी हाती आल्यानंतरचे काम खरे बौद्धिक आहे, कारण यादीतील कित्येक छेद आरेखकाने जाणूनबुजून ठेवलेले असतात.

आटे हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. एम १० च्या बोल्टसाठी ८.५ मि.मी. चे छिद्र पाडून त्यात आटे काढतात. संगणकात आट्यांची सर्पिल भूमिती सहसा काढली जात नाही. बोल्ट १० मि.मी. चा साधा दंडगोल असतो आणि छिद्र ८.५ मि.मी. चे. आट्यांची लांबी १२ मि.मी. धरल्यास सुमारे २६१ घन मि.मी. चा छेद नोंदवला जातो. त्यात कोणतीही चूक नसते. रबरी ओ-रिंगचेही तसेच. ३.५३ मि.मी. जाडीची रिंग तिच्या मूळ आकारात काढून २.८ मि.मी. खोल खोबणीत ठेवली की झाकण तिच्यात रुतलेले दिसते. प्रत्यक्षात ती सुमारे २० टक्के दाबली जाते आणि त्या दाबामुळेच तेलाची गळती थांबते. तेथे छेद न दिसणे हीच चिंतेची बाब ठरावी. दंतचक्रांची जोडी केवळ मध्यांतर पाहून बसवली असेल, तर दात दातावर चढलेले दिसतात. एक चक्र अर्ध्या दाताने फिरवले की तक्रार संपते.

आता याच्या उलट बाजू पाहू. ५० मि.मी. व्यासाच्या छिद्रात दांडा बसवायचा आहे. छिद्राला एच ७ हा टॉलरन्स दिला, तर त्याचा व्यास ५०.००० ते ५०.०२५ मि.मी. यांच्या दरम्यान राहतो. दांड्याला जी ६ दिला, तर त्याचा व्यास ४९.९७५ ते ४९.९९१ होतो आणि तो छिद्रात हलक्या हाताने सरकतो. दांड्याला पी ६ दिला, तर त्याचा व्यास ५०.०२६ ते ५०.०४२ होतो. तेव्हा तो १ ते ४२ मायक्रॉन इतका मोठा असल्याने प्रेसखाली दाबूनच बसवावा लागतो. संगणकातील प्रतिमा सामान्यतः नाममात्र मापांवर काढलेली असते. दोन्ही दांडे ५० चे, छिद्रही ५० चे. एक दांडा बोटाने सरकणारा, दुसरा प्रेसखालून जाणारा. संगणकाला मात्र दोन्ही ठिकाणी केवळ स्पर्श दिसतो. स्पर्शाला छेद मानण्याचा पर्याय निवडला, तर दोन्ही यादीत येतात. न निवडला, तर दोन्ही गळतात. कार्यशाळेच्या दृष्टीने जो फरक सर्वांत मोठा, तोच या तपासणीच्या दृष्टीआड राहतो.

काही आरेखक यावर उपाय म्हणून टॉलरन्सच्या मध्यावरील मापे वापरतात. वरील उदाहरणात छिद्र ५०.०१२५ आणि दांडा ५०.०३४ घेतल्यास व्यासावर ०.०२१५ मि.मी. छेद दिसतो आणि फिटचा हेतू प्रतिमेत उतरतो. ही रीत प्रामाणिक आहे. परंतु ती पाळायची तर संपूर्ण विभागाने पाळली पाहिजे. निम्मे भाग नाममात्र आणि निम्मे मध्यावरचे अशी मिसळ झाली, तर यादीतून कोणताच अर्थ निघत नाही. मापांच्या साखळीतून साचत जाणाऱ्या टॉलरन्सचा हिशेब हे तर स्वतंत्रच प्रकरण आहे आणि छेद-तपासणी ते करते असा भ्रम कोणी बाळगू नये.

यादी लांबलचक असली की ती घनफळाच्या उतरत्या क्रमाने लावून वरचे छेद आधी पाहण्याची पद्धत आहे. या पद्धतीचा धोका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १० मि.मी. व्यासाच्या तेलनळीत २ मि.मी. जाड पत्र्याच्या आधाराची कड ०.३ मि.मी. शिरली आहे. या छेदाचे घनफळ जेमतेम १.४ घन मि.मी. भरते. म्हणजे निर्दोष असलेल्या आट्यांचा छेद याच्या सुमारे १९० पट मोठा ठरतो. आटे यादीच्या माथ्यावर राहतात आणि नळी तळाशी जाते. जुळणीच्या वेळी कारागीर नळी थोडी वाकवून बसवील. त्यानंतर यंत्राच्या कंपनाने पत्र्याची कड नळीला घासत राहील आणि काही महिन्यांनी तेल गळू लागेल. लेखकाच्या मते यादी घनफळाऐवजी छेदाच्या खोलीनुसार आणि भागांच्या स्वरूपानुसार लावावी : आट्यांच्या जोड्या एका गटात, दाबून बसणारे भाग दुसऱ्यात, नळ्या आणि तारा तिसऱ्यात, आणि तो तिसरा गट सर्वांत आधी उघडावा.

याच संदर्भात दुर्लक्षाच्या खुणेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मान्य असलेला छेद दुर्लक्षित म्हणून नोंदवला की तो पुढील तपासण्यांतही वगळलेला राहतो, अशी सोय काही प्रणालींत असते. सोय उत्तम आहे. पण सादरीकरणाच्या आदल्या रात्री यादी रिकामी करण्यासाठी तिचा जो सर्रास वापर होतो, तो अध्यापनाच्या काळात वारंवार पाहण्यात आला आहे. खूण करणाऱ्याने आपले कारण एका ओळीत लिहून ठेवावे, एवढी शिस्त जरी पाळली तरी पुष्कळ अनर्थ टळतील. कारण लिहिता आले नाही, तर तो छेद मान्य करण्याजोगा नव्हता.

जे प्रतिमेत नाही, ते तपासले जात नाही

छेद-तपासणी जुळणीतील भागांचीच होते. दडपून ठेवलेला भाग, अद्याप न काढलेली तार, जुन्या आवृत्तीतील आधार यांच्याविषयी संगणक काहीही बोलू शकत नाही. या मर्यादेची सर्वांत महाग किंमत एअरबस कंपनीने ए ३८० या विमानाच्या निर्मितीत मोजली.

या विमानात सुमारे ५३० कि.मी. लांबीच्या तारा, जवळजवळ एक लाख स्वतंत्र वाहक आणि ४०,००० हून अधिक जोडण्या होत्या. विमानाच्या सांगाड्याचे काही भाग जर्मनीतील हँबुर्ग येथे तारांसह सज्ज होऊन फ्रान्समधील तुलूज येथे अंतिम जुळणीसाठी येत. तेथे तारांचे जुडगे नियोजित जागी बसेनात. जर्मनी व स्पेनमधील केंद्रे कातियाची चौथी आवृत्ती वापरत होती, तर फ्रान्स व ब्रिटनमधील केंद्रे पाचव्या आवृत्तीकडे वळली होती. वजन कमी करण्यासाठी अनेक ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा योजल्या होत्या. त्यांची जाडी व त्या वळवण्याची किमान त्रिज्या वेगळी असते आणि त्यासंबंधीचे नियम एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत नीट उतरत नव्हते. त्यातच प्रत्येक विमान कंपनीची अंतर्गत मांडणी निराळी आणि बदल सतत चालू. १३ जून २००६ रोजी कंपनीने विलंब जाहीर केला. दुसऱ्या दिवशी ईएडीएस या तिच्या पालक कंपनीचा समभाग सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला. ऑक्टोबर २००६ मध्ये आणखी सुमारे एक वर्षाचा विलंब जाहीर करावा लागला. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी सुपूर्त झाले. मूळ वेळापत्रकापेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा.

या प्रकरणाचा दोष केवळ आज्ञावलीच्या आवृत्त्यांवर टाकणे सोपे आहे. परंतु ते पूर्णतः न्याय्य नाही. छेद शोधणारे गणित दोन्ही आवृत्त्यांत होते. सर्वांच्या समोर एकच अद्ययावत जुळणी असावी, ही व्यवस्था मात्र नव्हती. त्यातच तार हा घन भाग नव्हे. ती लोंबते, ताणली जाते आणि दोन माणसांनी बसवली तर दोन प्रकारे वळते. तिचा संगणकातील मार्ग हा एक अंदाज असतो. कठीण भागांना लावलेला निकष अशा लवचिक भागांना जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून अनुभवी आरेखक तारेभोवती तिच्या जाडीहून मोठी अशी राखीव जागा घनरूपात काढून ठेवतात आणि छेद त्या जागेशी तपासतात.

हालचाल, हात आणि पाना

आतापर्यंतचा विचार स्थिर यंत्राचा झाला. यंत्र फिरू लागले की प्रत्येक स्थितीची जुळणी वेगळी होते. संगणक बहुधा हालचालीचे टप्पे पाडतो आणि प्रत्येक टप्प्यावर छेद पाहतो. टप्पा किती मोठा घ्यायचा, हे वापरणारा ठरवतो. २०० मि.मी. लांबीचा हात ५ अंशांच्या टप्प्याने फिरवला, तर त्याचे टोक दर टप्प्याला सुमारे १७.५ मि.मी. पुढे उडी घेते. टोकाची पट्टी ६ मि.मी. जाड आणि वाटेतील खुंटी ८ मि.मी. व्यासाची असेल, तर त्यांचा छेद केवळ १४ मि.मी. च्या अंतरातच घडतो. तो दोन टप्प्यांच्या मध्ये निसटून जाऊ शकतो. अहवालात शून्य येते आणि प्रत्यक्षात पट्टी खुंटीवर आदळते. टप्पा एका अंशाचा केला, तर उडी साडेतीन मि.मी. ची होते आणि छेद सुटत नाही. टप्पा किती अंशांचा होता, हे अहवालात लिहिण्याचा प्रघात अभावानेच आढळतो.

याहूनही सामान्य, आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित, अशी बाब म्हणजे जुळणी करणाऱ्याचा हात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थी-गटाने वेगबदल पेटीचा प्रकल्प सादर केला. छेद-तपासणीचा अहवाल निर्दोष होता आणि तो रंगीत छापून प्रबंधाला जोडलेला होता. पेटीच्या आतील एका कोपऱ्यात एम १० चा बोल्ट होता. तीन बाजूंनी भिंती आणि बोल्टचा मध्य भिंतीपासून ११ मि.मी. वर. १७ मि.मी. च्या षट्कोनी माथ्याचा कोपरा मध्यापासून ९.८ मि.मी. वर येतो, म्हणजे भिंत व माथा यांत १.२ मि.मी. ची फट शिल्लक राहत होती. संगणकाच्या दृष्टीने सर्व काही ठीक होते. परंतु १७ मि.मी. च्या सॉकेटचा बाहेरील व्यास सुमारे २४ मि.मी. असतो; त्याला मध्यापासून १२ मि.मी. जागा हवी. बोल्ट बोटांनी फिरवून आत गेला आणि तेथेच राहिला, कारण तो आवळण्यासाठी पाना शिरेना.

कार्यशाळेतील ज्येष्ठ कारागिरांनी पेटी हातात घेताक्षणी हे सांगितले होते. पुढील वर्षीच्या गटाने संगणकातील जुळणीत सॉकेट आणि त्याचा दांडा हेही भाग म्हणून बसवले, प्रत्येक बोल्टवर एकदा ठेवून तपासणी केली आणि आलेल्या यादीनुसार भिंत ३ मि.मी. बाहेर सरकवली. प्रबंधातील भागांच्या यादीत तो सॉकेट चुकून तसाच राहिला होता. परीक्षकांनी त्याबद्दल गुण कापले नाहीत.